तोकोनामेची क्यूसू

क्यूसू या जपानी किटलीची मूठ मागे नसते, बाजूला असते. तोटीशी जवळजवळ काटकोन करून. मूठ हातात धरायची, त्याच हाताच्या अंगठ्याने झाकण दाबायचे आणि मनगट जरासे वळवायचे. कोपर उचलावे लागत नाही. जपानी हिरवा चहा शेवटच्या थेंबापर्यंत ओतून घ्यायचा असतो, कारण तळाशी राहिलेले पाणी पानांत मुरले की दुसऱ्या वेळचा चहा कडू उतरतो. तो शेवटचा थेंब काढायला ही मूठ फार सोयीची.

क्यूसू जपानात अनेक ठिकाणी घडतात, पण पहिले नाव निघते ते तोकोनामेचे. नागोयाच्या दक्षिणेला, इसेच्या उपसागराकाठी हे गाव आहे. इथल्या भट्ट्या बाराव्या शतकापासूनच्या. आधी मोठमोठे रांजण, पुढे मेजी काळात सांडपाण्याचे मातीचे पाइप, असा या गावाचा जाडजूड धंदा. गावातल्या एका चढणीच्या भिंती आजही जुन्या पाइपांच्या आणि दारूच्या बुधल्यांच्या आहेत.

अशा गावाने इतके नाजूक काम हाती घ्यावे, याचे मला फार अप्रूप वाटते. चीनमधल्या यिशिंगच्या लाल किटल्यांची जपानी रसिकांना ओढ होती. तशी लाल किटली तोकोनामेत १८५४ साली साधली. त्याचे श्रेय सुगिए जुमोन यांना देतात. १८७८ साली जिन शिहेंग या चिनी जाणकाराला मुद्दाम बोलावून यिशिंगची रीत शिकून घेतली गेली. तिथे चाक नसते, मातीचा पत्रा थापटून आकार देतात. तोकोनामेच्या कुंभारांनी ती रीत आत्मसात केली, तरी चाक सोडले नाही.

धड, तोटी, मूठ, झाकण आणि आतली गाळणी वेगवेगळी घडवून, माती अर्धवट सुकली की जोडतात. गाळणीही मातीचीच, बारीक छिद्रांची. मातीत लोह असते. भट्टीत हवा भरपूर मिळाली तर भांडे लाल होते, हवा कोंडली तर काळे. भाजून झाल्यावर झाकण आणि तोंड यांच्यामध्ये घासणीची पूड घालून दोन्ही एकमेकांवर फिरवतात. नीट बसलेल्या झाकणाचे भोक बोटाने दाबले, तर तोटीतली धार थांबते. क्यूसू घडवण्याच्या याच कामासाठी तिसरे यामादा जोझान (१९२४–२००५) यांना १९९८ साली जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला.

या मातीवर झिलई नसते, त्यामुळे तिची निगा काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यासारखी ठेवता येत नाही. साबण नकोच; त्याचा वास मातीत बसतो. भांडी धुण्याच्या यंत्रातही घालू नये. चहा झाला की पाने लगेच काढावीत, गरम पाण्याने विसळावे आणि झाकण काढून वाऱ्यावर पूर्ण वाळू द्यावे. ओली पाने रात्रभर राहिली तर बुरशी धरते. गाळणी तुंबली तर तोटीतून उलटे पाणी सोडावे, नाहीतर मऊ ब्रशने हलकेच साफ करावी. थंड भांड्यात एकदम उकळते पाणी ओतू नये. सेन्चा या हिरव्या चहासाठी तर सत्तर अंशांच्या आसपासचे पाणी पुरते.

नव्या क्यूसूच्या तोटीवर प्लास्टिकची छोटी नळी असते. ती प्रवासात तोटीचे टोक फुटू नये म्हणून लावलेली. घरी आणल्यावर काढून टाकायची. पुष्कळ जण ती तशीच ठेवतात आणि आत घाण साठते.

आपला दूध-साखरेचा चहा मात्र या किटलीत कधीही ओतू नये. दुधाचा स्निग्धांश आणि मसाल्याचा वास मातीत शिरला की तो निघत नाही. क्यूसू चुलीवर ठेवायचेही भांडे नाही. एका क्यूसूत शक्यतो एकाच जातीचा चहा करावा. रोज वापरून आणि मऊ कापडाने पुसून तिच्या अंगावर जी हळुवार चकाकी येते, ती दुकानातल्या नव्या किटलीला नसते.

सगळ्यात जास्त जपायचे ते झाकण. ते त्याच एका तोंडावर घासून बसवलेले असते, त्यामुळे फुटले तर दुसऱ्या क्यूसूचे चालत नाही. धुताना ते आधी बाजूला, कापडावर ठेवावे.