नोंद कोणाच्या नंबराची?

सात-बाराच्या उताऱ्यावर नांव एकाचें आणि वहिवाट दुसऱ्याची असली म्हणजे पुढें काय प्रसंग ओढवतात, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नकोच. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचा जन्म गेला; तरी तशीच एक चुकीची नोंद आमच्याच घरीं झाली, आणि ती फार उशिरां ध्यानांत आली.

केंद्र सरकारनें सन २०१६ मध्यें ‘किलकारी’ नांवाची योजना सुरू केली. महाराष्ट्रांत ती सन २०२४ मध्यें आली. गरोदर स्त्रीची नोंद करितांना मोबाईलचा नंबर लिहून घेतात. त्या नंबरावर चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचें होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे ७२ ध्वनिसंदेश विनामूल्य येतात. आहार, लोहाच्या गोळ्या, तपासणी, लसीकरण, धोक्याचीं लक्षणें, ज्या वेळीं जें जरूर तें त्यांत सांगितलेलें असतें. निरक्षर बाईसही तें ऐकून कळतें.

आमच्या सूनबाईंच्या नोंदींत नंबर पडला होता चिरंजीवांचा. संदेश येई तेव्हां ते रानांत पाणी देत असत; अनोळखी नंबर पाहून, कोणाची तरी जाहिरात असेल, असें समजून ते फोन बंद करीत. आठव्या महिन्यांत सूनबाईंच्या तोंडास सूज आली, डोकें ठणकूं लागलें. श्रमानें झालें असेल, असें घरांत सर्वांनीं ठरविलें. आम्हीही त्यांतच होतों. सुदैवानें आशाताई सहज घरीं आल्या. त्यांनीं चेहरा पाहतांच १०८ क्रमांकाची गाडी बोलाविली. रक्तदाब भलताच वाढला होता. आणखी एक दिवस गेला असता तर झटके येऊन माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतलें असतें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. ईश्वरकृपेनें दोघेंही सुखरूप आहेत.

विहिरीवरील मोटार घरबसल्या चालू करितां यावी म्हणून आपण तिच्या स्टार्टरास स्वतंत्र सिमकार्ड घेऊन देतों. मग सुनेच्या हातीं फोन देण्यास मात्र संकोच कां वाटावा? मोटारीस फोन दिल्यानें ती बिघडत नाहीं, आणि सून बिघडेल हें भय व्यर्थ होय.

यास्तव आमची विनंति एवढीच कीं, नोंदींत नंबर द्यावयाचा तो गरोदर स्त्रीच्याच हातीं राहणाऱ्या फोनचा द्यावा. नंबर बदलल्यास आशाताईंस तत्काळ कळवावें. घरांत एकच फोन असेल तर तो ज्याच्या खिशांत असेल त्यानें संदेश पुरा ऐकावा आणि घरीं येऊन सांगावा, सासूबाईंनींही ऐकावा. मात्र संदेश ऐकला म्हणजे तपासणी झाली, असें कोणीं मानूं नये. अंगावरून रक्त जाणें, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, तोंडास सूज, झटके, पोटांतील बाळाची हालचाल मंदावणें, यांपैकीं एकही लक्षण दिसतांच १०८ क्रमांकास फोन करावा.

उताऱ्यावरील चूक अर्ज देऊन दुरुस्त होते. ही चूक मात्र वेळेवरच दुरुस्त केली पाहिजे. वाचकांनीं आजच घरीं विचारावें : आपल्याकडील नोंद कोणाच्या नंबराची आहे?