हिंसेचे चित्रण आणि अंगुलिमाल सुत्त

आजच्या साहित्यात व चित्रपटांत रक्तपात फार झाला, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. आमच्या मते रक्त किती दाखविले हा प्रश्न गौण होय. ते कोणाच्या बाजूस उभे राहून पाहिले, हे आधी तपासावे.

मज्झिमनिकायातील ८६ वे सुत्त अंगुलिमालाचे. गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या या दरोडेखोराच्या हत्या सुत्तात थोडक्या शब्दांत आटोपल्या आहेत. एकाही खुनाचे दृश्य नाही. (हजार बोटांच्या गुरुदक्षिणेची सुपरिचित कथा सुत्तातील नव्हे, अट्ठकथेतील आहे.) परंतु भिक्खू झालेला तोच अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षाटनास जातो, तेव्हा त्याच्यावर येणारे ढेकूळ, काठी, खडा, फुटलेले डोके, वाहणारे रक्त, भंगलेले पात्र, फाटलेली संघाटी यांची एकेक नोंद होते. मारणाऱ्याचा पराक्रम येथे नाही. मार खाणारे शरीर आहे.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'च्या (२०१६) शेवटी आर्ची-परश्याचा खून पडद्यावर दिसत नाही. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, त्यांचा पाहुणचार होतो. पुढचे आपल्याला कळते ते शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल घरी परतल्यावर. सारा आवाज थांबलेला असतो आणि रक्तात भिजलेली इवली पावले उमटत जातात. शस्त्र दाखविले असते, तर प्रेक्षकाचे लक्ष शस्त्रावरच खिळले असते. जातीची हिंसा नात्याच्या आपुलकीने उंबरा ओलांडते, ही गोष्ट त्या चहा-पाण्यातच अधिक स्पष्ट होते.

'फँड्री'त (२०१३) मात्र अखेरीस जब्या दगड उचलतो, आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. डुकरामागे धावणाऱ्या त्या कुटुंबाला हसणाऱ्यांत आपणही बसलो होतो काय, असे विचारणारा हा दगड आहे.

येथे सुत्ताशी केलेली तुलना थांबते. तथागतांनी अंगुलिमालास सोसण्यास सांगितले, ते त्याने त्याच आयुष्यात केलेल्या हत्यांचे फळ म्हणून. जब्याने कोणाची हत्या केली होती? पूर्वजन्मीच्या कर्माचा दाखला देऊन आजच्या दुःखाची जबाबदारी समाजाच्या डोक्यावरून उतरविण्यास बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (१९५७) स्पष्ट हरकत घेतली आहे. ती लक्षात न घेता अंगुलिमालाचा उपदेश जब्यास ऐकविणारे आजही भेटतात, आणि त्यांतील काही स्वतःस सुत्ताचे अभ्यासक म्हणवितात.