बिनशिदोरीचे बी आणि बुरशीचा आधार

पावसाच्या तोंडावर पेण-रोह्याकडच्या जुन्या आंब्यांवर आणि ऐनांवर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लोंबते तुरे दिसतात. हीच सीतेची वेणी, आमरीच्या कुळातली. पुष्कळजण तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकतात. पण बांडगूळ लाकडात मूळ घुसवून झाडाचा रस शोषते. सीतेची वेणी फांदीला नुसती धरून असते. तिची जाड, पांढरट मुळे पावसाचे पाणी आणि सालीवरून ओघळणारे सत्त्व टिपतात. आंब्याचे ती काही खात नाही.

आता तिचे बी पाहा. भाताच्या दाण्यात कोंबासाठी तांदळाची शिदोरी असते. आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात. पण बी धुळीच्या कणाएवढे आणि शिदोरी अजिबात नाही. वाऱ्याने उडून ते सालीच्या खाचेत पडले तरी रानात एकट्याने वाढत नाही. तेथे योग्य बुरशी भेटावी लागते. तिचे तंतू बियात शिरतात आणि पेशींत गुंडाळ्या करून राहतात. कुजक्या सालीतून, पाल्यातून घेतलेले अन्न ते कोवळ्या रोपाला पोचवतात. पुढे रोप त्या गुंडाळ्याही पचवते. आमरीचे बी रुजायला बुरशी लागते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ओळखले.

भातावर पर्णकोष करपा आणणारी बुरशी आपल्या ओळखीची. आमरीला पोसणाऱ्या बुरशी तिच्याच नात्यातल्या आहेत. तेव्हा बुरशी म्हणजे वैरीच, असे समजू नये.

मग आपण काय करावे?

१) राबासाठी फांद्या तोडताना वेणी असलेली जुनी फांदी राखावी. नवे बी रुजवणारी बुरशी तेथे असण्याचा संभव अधिक.

२) रानातली वेणी उपटून कुंडीतल्या मातीत लावू नये. तिच्या मुळांना मोकळी हवा लागते. मातीत ती कुजतात. रोहा-मुरूडच्या फणसाड अभयारण्यातून तर कोणतेही रोप आणणे हा गुन्हा आहे.

३) आपल्या बागेत वादळाने फांदी मोडली, तर तिच्यावरची वेणी सालीच्या तुकड्यासह काढून दुसऱ्या आंब्याच्या खडबडीत सालीवर, विरळ सावलीत, सुतळीने बांधावी. मुळे धरली की सुतळी सोडावी.

हजारो बियांतून एखादेच रोप जगते आणि त्याला फुलायला कित्येक वर्षे लागतात. कोयत्याचा एक घाव मात्र क्षणाचा. म्हणून घाव घालण्याआधी ते बांडगूळ आहे की वेणी, एवढे नीट पाहून घ्या.