वाघळांवरील पांढरी बुरशी आणि आपल्या चिकूच्या वाड्या

डहाणू, घोलवड, बोर्डी या बाजूच्या वाडीवाल्यांपुढे वटवाघळाचे नाव काढले की तक्रारच ऐकू येते. रात्रीतून पिकलेले चिकू कुरतडले जातात व सकाळी झाडाखाली उष्ट्या फळांचा सडा पडलेला असतो. ही तक्रार खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु मुलकी खात्याचे दप्तर सांभाळण्यात आयुष्य गेल्यामुळे, कोणताही हिशेब पुढे आला की त्याची दुसरी बाजू पाहिल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. झालेल्या नुकसानीचा पंचनामा होतो. टळलेल्या नुकसानीचा कोणी करीत नाही. वाघळाच्या खात्यात आजवर नावेची बाजू तेवढी भरली, जमेची कोरीच राहिली. ती केवढी मोठी आहे हे अमेरिकेत एका बुरशीने दाखवून दिले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सन २००६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातील हाऊ नावाच्या गुहेत टांगलेल्या वाघळांचे छायाचित्र एका इसमाने घेतले. त्यांच्या नाकावर, आंब्याच्या मोहोरावर भुरी दिसावी तशी, पांढरी पूड होती. पुढच्या हिवाळ्यात त्या भागातील गुहांत हजारो वाघळे मरून पडलेली आढळली. या रोगास ‘पांढऱ्या नाकाचा रोग’ असे नाव पडले. त्याचे कारण असलेल्या बुरशीचे शास्त्रीय वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. तिच्या नावातील ‘डिस्ट्रक्टन्स’ या शब्दाचा अर्थच विध्वंस करणारी असा आहे.

ही बुरशी मारते कशी, ते समजून घेण्याजोगे आहे. तिकडील लहान वाघळांचा आहार केवळ कीटक. हिवाळ्यात कीटक नाहीसे होतात, तेव्हा ही वाघळे गुहेत कित्येक महिने शीतनिद्रा घेतात. अंग जवळजवळ गुहेइतके थंड होते, आणि शरद ऋतूत साठविलेली चरबी थोडथोडी खर्च होत राहते. कणगीतले भात पुरवून पुरवून पावसाळा काढावा, तसलाच हा प्रकार. बुरशी नेमकी याच थंडीत वाढते व पंखांचे कातडे पोखरते. त्यामुळे वाघूळ वरचेवर जागे होते. प्रत्येक जागेपणी चरबी भराभर जळते, अंगातील पाणीही आटते, आणि वसंत येण्यापूर्वीच कणगी रिकामी होते. २०१२ साली तेथील सरकारी खात्याने मृत वाघळांचा अंदाज ५७ ते ६७ लाख असा दिला. २०१६ पर्यंत हा रोग खंड ओलांडून पश्चिमेकडील वॉशिंग्टन राज्यात पोहोचला होता. युरोपात व चीनमध्ये हीच बुरशी सापडली आहे, पण तेथील वाघळे अशी घाऊक मरत नाहीत. सबब, ती अमेरिकेत बाहेरून, बहुधा माणसाच्याच बुटांस वा सामानास लागून गेली, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. ही वाघळे रात्री पतंग व भुंगेरे खात असत, आणि त्यांतील कित्येकांच्या अळ्या मका-कापसाच्या वैरी. वाघळे गेली, कीड राहिली. एयाल फ्रँक या संशोधकाने २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाप्रमाणे, ज्या जिल्ह्यांत वाघळे मेली तेथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढविला. इतके करूनही पिकाचे उत्पन्न घटलेच, आणि त्याच जिल्ह्यांत तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. जमेची बाजू ती हीच. ती वाचण्यासाठी तिकडच्या लोकांस फार मोठी किंमत द्यावी लागली.

हा रोग आपल्याकडे येईल काय? डहाणूपुरते पाहता भय नाही. ही बुरशी १२ ते १६ अंश सेंटिग्रेडच्या गारव्यात जोमाने वाढते व २० अंशांच्या पुढे टिकाव धरीत नाही. शिवाय आपल्या किनाऱ्यावर कीटक बाराही महिने असल्याने येथील वाघळांस तशी दीर्घ निद्रा घेण्याचे कारण पडत नाही. आपल्याकडे वाघळांचे मरण कुऱ्हाडीने, धुराने व बुजविलेल्या विहिरींनी येते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तर फळे खाणाऱ्या वाघळांस उंदीर व कावळे यांच्या पंक्तीस बसवून उपद्रवी ठरविले होते. ते परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाले व दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पन्नास वर्षांनी का होईना, सरकारी नोंद दुरुस्त झाली. आमच्या अनुभवाने हे काही फार उशिरा झाले असे नव्हे.

वाडीवाल्याने एवढे ध्यानात घ्यावे की वाघळे दोन तऱ्हेची. जुन्या घरांच्या आढ्यास, देवळांत, पडक्या विहिरींत राहणारी लहान वाघळे फळास तोंडही लावीत नाहीत. ती रात्रभर किडे टिपतात. चिकूची पाने व कळ्या खाणाऱ्या अळ्यांचे पतंग रात्रीच उडतात, हे आपणांस ठाऊकच आहे. मोठ्यांच्या पापाची शिक्षा या लहानांस देण्यात काय अर्थ? आणि मोठी तरी निव्वळ चोर नव्हेत. तलासरीकडील मोहाच्या फुलांवर तीच येतात, त्यांच्या अंगास लागून पराग झाडोझाडी जातो, आणि वड-उंबराचे बी दूरवर पडते ते त्यांच्यामुळेच.

फळ राखावयाचे तर तोडणी वेळेवर करावी. वाघूळ झाडावर पिकलेल्या फळावर येते, आणि आपण चिकू कठीण असताच उतरवून घरी पिकवितो. तेव्हा शेंड्याकडील राहून गेलेली फळे आधी काढावीत. उष्टे फळ माणसाने खाऊ नये व पेटीत घालू नये. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वाघळांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेस आढळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे. जाळे लावणे झाल्यास ते ताणून व बारीक छिद्रांचे लावावे, ढिल्या जाळ्यात पंख गुंततात. एखादे गुंतलेच तर उघड्या हाताने न धरता जाड फडक्याने धरून धागा कापावा. चावल्यास जखम साबणाने पुष्कळ वेळ धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.