संगणकाच्या खुणा, डॉक्टरांची नजर

क्ष-किरण प्रतिमा संगणकाच्या साह्याने अधिक सुस्पष्ट करता येते, तेव्हा निदानही आपोआप अधिक अचूक होत असणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेतील स्तनकर्करोग तपासणीच्या अनुभवाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला.

मॅमोग्राफीच्या प्रतिमेत संशयास्पद जागांवर खुणा करणाऱ्या संगणक प्रणालीला तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली. डॉक्टरांनी आधी प्रतिमा स्वतः पाहायची आणि मग संगणकाच्या खुणा पाहून आपला निष्कर्ष पुन्हा तपासायचा, अशी ही पद्धत. नजरेतून निसटलेली गाठ किंवा कॅल्शियमचे सूक्ष्म कण यंत्राने दाखवून द्यावेत, ही अपेक्षा. 'मेडिकेअर' या सरकारी विमा योजनेने त्यासाठी जादा पैसे देण्यास सुरुवात केली आणि प्रणालीचा प्रसार झपाट्याने झाला.

पण तिची परीक्षा करायची कशी? यंत्राने किती गाठी टिपल्या, एवढेच मोजून भागत नाही. निदानाला दोन कसोट्या लागतात. आजार असलेल्यांपैकी किती जणी ओळखल्या गेल्या, ही पहिली. निरोगी स्त्रियांपैकी किती जणींना निर्धास्तपणे घरी पाठवता आले, ही दुसरी. सरसकट सर्वांवरच संशय घेतला, तर पहिल्या कसोटीत पैकीच्या पैकी गुण मिळतील आणि दुसरीत शून्य!

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४३ केंद्रांवरील सुमारे ४ लाख २९ हजार मॅमोग्राम विचारात घेण्यात आले. प्रणाली स्वीकारलेल्या केंद्रांत दुसऱ्या कसोटीचे प्रमाण ९०.२ टक्क्यांवरून ८७.२ टक्क्यांवर घसरले. बायॉप्सींचे प्रमाण जवळजवळ २० टक्क्यांनी वाढले. कर्करोग ओळखण्यात मात्र संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस वाढ दिसली नाही. तीन टक्क्यांची घसरण कागदावर किरकोळ वाटते. परंतु हजार तपासण्यांमागे कर्करोग आढळतो तो जेमतेम पाच-सहा जणींत. म्हणजे उरलेल्यांपैकी आणखी सुमारे तीस निरोगी स्त्रियांना नाहक पुन्हा बोलावणे आले. अहवालाची वाट पाहत रात्र जागून काढणाऱ्या स्त्रीला हा आकडा किरकोळ कसा वाटेल?

यंत्राच्या एका खऱ्या खुणेमागे शेकडो खोट्या खुणा असत. प्रत्येक खूण नाकारण्याची जबाबदारी शेवटी डॉक्टरांचीच. २०१५ मध्ये सव्वातीन लाख स्त्रियांच्या नोंदी तपासणाऱ्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासातही प्रणालीचा लाभ आढळला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित नव्या प्रणालीचा स्वीडनमधील निकाल वेगळा आहे. तेथे प्रत्येक प्रतिमा दोन तज्ज्ञांनी पाहण्याचा प्रघात आहे. ८० हजार स्त्रियांच्या चाचणीत संगणकाने जोखमीनुसार प्रतिमांची वर्गवारी केली आणि दोन तज्ज्ञांकडे फक्त जास्त जोखमीच्या प्रतिमा गेल्या. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आकडेवारीनुसार हजारी ५.१ ऐवजी ६.१ कर्करोग सापडले, पुन्हा बोलावण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले आणि प्रतिमा वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले.