तारांकडे कान लावून बसलेलें यंत्र

एकाच गुरुजींनीं चार इयत्ता सांभाळाव्या अशा शाळा आपल्या खेड्यापाड्यांतून आजही आढळतात. चौथीला उदाहरण घालून गुरुजी दुसरीकडे वळतात, दुसरीचें शुद्धलेखन चालू असतां पहिलीची बाराखडी ऐकतात, आणि चौथीचें उदाहरण सुटतें न सुटतें तोंच तेथें पुन्हां हजर होतात. मुलें लिहिण्यांत गुंतलेलीं असल्यामुळें गुरुजी गेले कधीं आणि आले कधीं हें त्यांच्या ध्यानांतही येत नाहीं. १९६० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंतील कांहीं विद्यापीठांनीं संगणकाकडून नेमकें हेंच काम करवून घेतलें. या पद्धतीस कालविभाजन पद्धति म्हणतात.

तत्पूर्वीची स्थिति विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें मोठी कष्टाची होती. संगणक म्हणजे एक सबंध दालन व्यापणारें, अतिशय महागडें यंत्र. आपलें गणित भोकें पाडलेल्या कार्डांवर उतरवावयाचें, तीं कार्डें खिडकीवर द्यावयाचीं, आणि उत्तराची तासन्‌तास वाट पाहावयाची. एखादा स्वल्पविराम चुकला तर सारी वाट पाहणी पुन्हां पहिल्यापासून! १९६१ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक संगणक अनेकांस एकाच वेळीं वापरतां येतो हें प्रत्यक्ष करून दाखविलें. न्यू हॅम्पशायर प्रांतांतील हॅनोव्हर गांवच्या डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्‌झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनीं तोच मार्ग धरला, आणि १ मे १९६४ रोजीं पहांटे चारच्या सुमारास त्यांची योजना चालू झाली. तिचे कार्यक्रम रचण्याचें पुष्कळसें काम कॉलेजांतील विद्यार्थ्यांनींच केलें होतें, हें आपल्या विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत घ्यावें.

अशा योजनेचें वर्णन करतांना लोक संगणकाच्या वेगाची स्तुति करतात. माझ्या मतें खरी अडचण वेगाची नव्हतीच. ती ऐकण्याची होती. प्रत्येक विद्यार्थ्यापुढें टेलिटाइप नांवाचें यंत्र असे. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पूर्वीं जे टेलिप्रिंटर खडखडत असत त्यांचाच हा भाऊबंद. तो सेकंदास फार तर १० अक्षरें पाठवी. उलट संगणक तेवढ्याच वेळांत हजारों बेरजा करी. त्यानें एका मुलाच्या पुढच्या अक्षरासाठीं थांबून राहावें तर सारा वेळ वाट पाहण्यांतच जावा. न थांबावें तर अक्षर हरवावें, कारण तार कांहीं सांठवून ठेवीत नाहीं. विजेचा ठोका आला त्या क्षणीं कोणी ऐकला नाहीं, तर तो कायमचा गेला.

तारेवरून अक्षर कसें येतें तें आतां पाहूं. कोणी कांहीं लिहीत नसतां साध्या टेलिटाइपच्या तारेंतून वीज सतत वाहत असते. हें प्रथम उफराटें वाटेल. परंतु तार तुटली तर वाहणें बंद होतें. म्हणून गप्प बसलेला मनुष्य आणि तुटलेली तार यांतील भेद ऐकणाऱ्यास तात्काळ कळतो. कळ दाबली कीं एका मात्रेपुरता प्रवाह खंडित होतो. ‘सावध, अक्षर येत आहे’ असा त्याचा अर्थ. मागोमाग आठ मात्रा येतात. प्रत्येक मात्रेंत प्रवाह आहे किंवा नाहीं, म्हणजेच १ किंवा ०. शेवटीं दोन मात्रा विसाव्याच्या. एकूण ११ मात्रा. आणि सेकंदास १० अक्षरें, म्हणून सेकंदास ११० मात्रा. दोन्ही टोकांचीं घड्याळें तंतोतंत जुळत नसतात, परंतु प्रत्येक अक्षराच्या आरंभींच्या खुणेनें तीं नव्यानें जुळविलीं जातात, त्यामुळें चूक सांचत नाहीं.

डार्टमथ येथें हें ऐकण्याचें काम मुख्य संगणकाकडे दिलेंच नव्हतें. त्यासाठीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें डेटानेट-३० हें वेगळें यंत्र नेमलें होतें. त्यांतील घड्याळ सेकंदास ११० वेळां इशारा देई. इशारा होतांच हातचें काम टाकून यंत्रानें सर्व तारांवरून एक फेरी मारावयाची, मात्रा टिपावयाच्या, आणि पूर्ण झालेलें अक्षर त्या त्या विद्यार्थ्याच्या ओळींत जोडावयाचें. ओळ संपल्याची कळ आली कीं ती वाचून पाहावयाची. कार्यक्रमाची साधी ओळ असेल तर कांहीं करावयाचें नाहीं. आज्ञा असेल तर ती फुरसतीच्या कामांच्या यादींत घालावयाची. दोन फेऱ्यांमधला जो वेळ उरे तीच फुरसत. ती किती? सेकंदाच्या ११० व्या भागाहूनही कमी! एखादें काम तेवढ्यांत पुरें झालें नाहीं तर तें अर्धें ठेवून पुन्हां फेरीस निघावयाचें. काम थांबलें तरी चालेल, फेरी चुकतां कामा नये, असा दंडक होता.

गंमत अशी कीं या जोडींत अधिकार ऐकणाऱ्याचा होता. वाड्याच्या देवडीवरील कारकुनानें आंतील पंडितास ‘आतां याचें गणित करा, आतां त्याचें’ असें सांगावें, तशी डेटानेट-३० कडून मुख्य संगणकास आज्ञा जाई. १९६४ च्या शरदृतूंत २० टेलिटाइपांवर शेंकडों नवे विद्यार्थी शिकूं लागले. पुढें हॅनोव्हर हायस्कूलमध्येंही अशी तार पोंचली, आणि आपल्याएवढीं मुलें त्या संगणकाशीं बोलूं लागलीं.

पण तारेवर खरखर असते. इंग्रजी ‘ए’ हें अक्षर १, ०, ०, ०, ०, ०, १ अशा क्रमानें येतें. त्यांतील दुसऱ्या मात्रेवर खरखरीचा आघात होऊन ० चा १ झाला, तर तें ‘सी’ होतें! मुलाचें समीकरण बरोबर, यंत्राची बेरीज बरोबर, आणि उत्तर मात्र चूक; बिचाऱ्या मुलानें दोष शोधावा तरी कोठें? यावरील जुना उपाय म्हणजे आठवी मात्रा. सात मात्रांतील १ मोजावयाचे, आणि एकूण संख्या सम होईल अशी आठवी मात्रा ठेवावयाची. ‘ए’ मध्यें १ दोनदां येतो, म्हणून आठवी मात्रा ०. वाटेंत एक मात्रा बिघडली तर संख्या विषम होऊन चोरी उघडकीस येते. दोन मात्रा एकदम बिघडल्या तर मात्र हा पहारेकरी फसतो.

दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्यांसाठीं आणखी एक पहारा लागे. दोन्ही बाजूंनीं एक अखंड सूर चालू असे. तो कांहीं वेळ ऐकूं आला नाहीं तर समोरचा मनुष्य निरोप न घेतांच निघून गेला असें समजून त्याची जागा दुसऱ्यास मोकळी करून द्यावी लागे. नाहीं तर ओसाड तारांनींच सर्व जागा अडून बसावयाच्या.

पुढें १९७१ च्या सुमारास मात्रा मोजून अक्षर जुळविण्याचें हें सारें काम करणारी एकच लहानशी चिप बाजारांत आली. टेलिटाइप केव्हांच मोडीत निघाले. परंतु लहान यंत्रांस परस्परांशीं जोडणाऱ्या अनेक तारांवर अक्षराच्या आरंभीं ती एक मात्रेची खूण अद्यापही दिली जाते.