पाणी वावराचं की माणसाचं?

सौंसर-पांढुर्णा भागात भावाभावांत वावराची वाटणी होते, पण विहिरीचे तुकडे पडत नाहीत. ती सामायिक राहते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात. पाळी मिळते ती हिश्शाप्रमाणे. ज्याला वावर नाही, त्याला पाळीही नाही.

याला कायद्याचाही आधार आहे. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सुरुवातीपासूनच मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याकडेही, लागू होता. आपल्या जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत उपसण्याचा मालकाचा हक्क त्यानं मान्य केला. मोटेच्या काळात हे निभलं, कारण बैल थकले की उपसा थांबायचा. मोटार काही थकत नाही. ज्याची बोअर खोल, त्याच्याकडे पाणी. शेजाऱ्याची विहीर मात्र कोरडी.

पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी ही रीतच उलटी केली. १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावात त्यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथं पाणी माणशी मोजलं: दर माणसामागे अर्ध्या एकराचं, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनांनाही वाटा दिला. जमीन विकली तरी तिच्यासोबत पाण्याचा हक्क जात नसे. ऊस लावायला बंदी होती. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा, आणि ठरलेल्या पाळीनं पाणी द्यायला पाटकरी नेमलेला.

आता तुम्ही म्हणाल, आमचा तर संत्रा आहे, झाडं काय दरसाल उपटायची? खरं आहे. बारमाही पिकाला बंदी हा नियम इथं जसाच्या तसा चालणार नाही. पण बहार निवडणं आपल्या हातात आहे. आंबिया बहाराची फळं ऐन उन्हाळ्यात झाडावर असतात. त्यांना तेव्हाच पाणी लागतं. मृग बहारासाठी उलट उन्हाळ्यात झाडांना ताण देतात, आणि फूल पावसाळ्याच्या तोंडावर येतं. एका विहिरीवरच्या सगळ्या हिस्सेदारांनी आंबिया धरला, तर मे महिन्यात भांडण ठरलेलंच.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे समन्यायी वाटपाची सुरुवात पाळीच्या तासांपासून नको, बहारापासून व्हावी. कोण कोणता बहार धरणार, हे हिस्सेदारांनी दिवाळीनंतर एकत्र बसून ठरवावं. आणि त्या बैठकीला ज्याचं वावर नाही, पण ज्याच्या घरचं पिण्याचं पाणी त्याच विहिरीतून येतं, त्यालाही बोलवावं.